विश्लेषण : मालिकेतले मरण लांबते, मग शोक का आटोपतो?

छोट्या पडद्यावर मुख्य पात्र मरायला दोन-दोन आठवडे लागतात. त्याच्यासाठी रडणे मात्र एका भागात उरकते. भिंतीवर हार घातलेला फोटो, पांढरी साडी, जुन्या प्रसंगांची उजळणी आणि सोमवारपासून नवे कारस्थान. असे का होते, याचे उत्तर शोधायला नारायणगावच्या माणसाने केलेली एक मालिका उपयोगी पडते.

कोणती मालिका?

‘स्वराज्यरक्षक संभाजी’. सप्टेंबर 2017 मध्ये झी मराठीवर सुरू झाली आणि 29 फेब्रुवारी 2020 रोजी संपली. शंभूराजांच्या भूमिकेत डॉ. अमोल कोल्हे होते. नारायणगाव त्यांचे गाव. मालिका सुरू असतानाच, 2019 मध्ये, ते शिरूरचे खासदार झाले. शंभूराजांच्या बलिदानाशी जोडलेली तुळापूर आणि वढू बुद्रुक ही गावेही याच मतदारसंघात येतात.

तमाशाची पंढरी म्हणवणाऱ्या नारायणगावाला नायकाचे मरण नवे नाही. पण वगातला राजा पहाटे मरतो आणि दुसऱ्या रात्री पुढच्या गावच्या जत्रेत पुन्हा उभा राहतो. मालिकेतला राजा अडीच वर्षे रोज जेवणाच्या वेळी घरात येत होता. त्याचे जाणे घरातल्यासारखे लागले, त्यात नवल नाही.

शेवट ठाऊक असताना ताण कसला?

1 फेब्रुवारी 1689 रोजी संगमेश्वरला पकड, बहादूरगडावर धिंड आणि 11 मार्चला वध. हा शेवट महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही माहीत असतो. त्यामुळे ‘पुढे काय होणार’ हा मालिकांचा नेहमीचा गळ इथे चालणार नव्हता. प्रश्न होता किती दाखवायचे याचा. मालिका शेवटाकडे आली तेव्हा छळाची दृश्ये दाखवू नका, बघवणार नाहीत, असे म्हणणारे होते. इतिहास आहे तसा दाखवा, असे म्हणणारेही होते. चित्रपटाचे तिकीट माणूस ठरवून काढतो, तर मालिका ताटावर बसलेल्या पोरांसमोर लागते. त्यामुळे दोन्ही माध्यमांना एकच माप लावता येत नाही.

या वादात एक गोष्ट निसटली. मरण कसे दाखवायचे यावर सगळे बोलले. मरणानंतरचे काय, हे कोणी विचारले नाही.

मरणानंतर काय होते?

इतिहासातली खरी कसोटी तिथेच होती. नवरा शत्रूच्या ताब्यात असतानाच रायगडावर राजारामांना मंचकावर बसवले गेले. वधानंतर महिनाही उलटला नव्हता, तेव्हा 5 एप्रिलला राजाराम गडाबाहेर पडले. गादी वाचवायची तर त्यांनी बाहेर पडावे आणि आपण लहान शाहूंसह गडावर राहावे, ही भूमिका येसूबाईंची होती. नोव्हेंबरमध्ये रायगड पडला आणि मायलेक मोगलांच्या कैदेत गेले. शाहू 1707 मध्ये सुटले, येसूबाईंना परतायला 1719 साल उजाडले. वैधव्याचा शोक करायला त्या बाईला ना उसंत मिळाली, ना मोकळी जागा. तीस वर्षांचा हा शोक कथा म्हणून वधापेक्षा कमी मोठा नाही. पण नायक गेला की नायकाच्या नावाची मालिका संपते. प्राजक्ता गायकवाड यांच्या येसूबाई घराघरांत पोहोचल्या होत्या, त्यांचा मोठा वनवास मात्र मालिकेच्या चौकटीबाहेरच राहिला.

मालिकेच्या मध्यावर शिवाजी महाराजांचे निधन येते, तिथे वेगळी अडचण होती. 1680 मध्ये शंभूराजे पन्हाळ्यावर होते आणि वडील गेल्याची बातमी त्यांच्यापासून लपवली गेली. पाठोपाठ गादीचा प्रश्न. इतिहासानेच शोकाच्या अंगावर राजकारण आणून घातले होते, मालिकेला आयता वेग मिळाला.

मग कौटुंबिक मालिकांचे काय?

तिथे कारण इतिहासाचे नसून हिशेबाचे असते. टीआरपीचे आकडे दर आठवड्याला येतात. मरणाचा भाग चढतो. दुसऱ्या दिवशीचे सुन्न घर, न शिजलेला स्वयंपाक, कोणी न उघडलेले कपाट यांनी आकडा चढत नाही. म्हणून ‘लीप’ येतो, म्हणजे कथा थेट काही वर्षे पुढे जाते आणि लेकरे मोठी होतात. सगळे दुःख त्या उडीखाली गाडले जाते. अनेकदा मरण हेच मुळी सोयीचे असते, कारण कलाकाराला मालिका सोडायची असते. प्रेक्षकही काही साधेभोळे नाहीत. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मधला मिहिर मेला तेव्हा इतका गहजब झाला की त्याला परत आणावे लागले. तेव्हापासून प्रेताशिवाय झालेल्या मरणावर कोणी विश्वास ठेवत नाही.

कलाकार खरोखर जातो, तेव्हा हे गणित फार उघडे पडते. सप्टेंबर 2020 मध्ये ‘आई माझी काळुबाई’च्या चित्रीकरणादरम्यान करोनाची लागण होऊन ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर यांचे निधन झाले. मालिका पुढे सुरू राहिली. रोजचा भाग जायलाच हवा असतो.

जुन्नर-आंबेगावात हे जास्त का खटकते?

कारण इथे माणूस गेल्यावरचे दिवस रिकामे नसतात. मीना, कुकडी, घोड नदीच्या घाटावर दशक्रिया होते, प्रवचन होते, पंचक्रोशी लोटते. पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणे लांबतात, हे खरे, पण त्या निमित्ताने गेलेल्या माणसाबद्दल चारचौघांत बोलले जाते. घरच्यांना कोणी एकटे सोडत नाही. मालिकांत दहावा-तेरावा आलाच तर त्यातही भावकीचे भांडण तरी असते, नाहीतर मृत्युपत्राचे वाचन. महाभारताने युद्धानंतरच्या आक्रोशासाठी स्त्रीपर्व नावाचे वेगळे पर्वच ठेवले आहे. आपल्या कथनपरंपरेला शोक सांगता येत नव्हता, असे म्हणता येणार नाही.

याचा बाहेर काही परिणाम होतो का?

फेब्रुवारी 2025 मध्ये आलेल्या ‘छावा’ने हाच वध मोठ्या पडद्यावर विस्ताराने दाखवला. लोक चित्रपटगृहांत ढसाढसा रडले. पुढच्याच महिन्यात औरंगजेबाच्या कबरीवरून वातावरण तापले आणि 17 मार्चला नागपुरात हिंसाचार झाला. चित्रपटामुळे औरंगजेबाविरुद्धच्या भावना पुन्हा समोर आल्या, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस विधानसभेत म्हणाले. एका चित्रपटावर दंगलीचे खापर फोडणे चुकीचे ठरेल, त्यामागे अफवा होत्या, आंदोलने होती. तरीही कथा वधाच्या क्षणी संपवली की प्रेक्षकाच्या हाती राग तेवढा उरतो. येसूबाईंच्या पुढच्या निर्णयांपर्यंत तो पोहोचतच नाही. मोबाइलवर तर अवस्था याहून तुटक आहे. रीलमध्ये साखळदंडातले राजे अर्ध्या मिनिटात दिसतात आणि अंगठा वर सरकतो.

दरवर्षी फाल्गुन अमावास्येला वढू-तुळापुरात हजारो लोक येतात. पाडव्याची गुढी उभारण्याच्या आदल्या दिवशी ते समाधीपुढे डोके टेकवतात. काही जण त्याआधी महिनाभर गोडधोड सोडतात, पायात चप्पल घालत नाहीत. मालिका सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून हे चालत आले आहे.