पाळलेल्या सापाला काय खायला घालावे?



हॉलंड हा देश आपल्या बेटाला परका नाही. १५९८ साली डच जहाजे येथे लागली, त्यांनी आपल्या राजपुत्राच्या नावावरून या बेटाला मॉरिशस हे नाव दिले, आणि १७१० साली ते येथून कायमचे निघून गेले. आता काळ उलटा फिरला आहे. आपल्याकडची काही मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी त्या देशात जाऊन राहिली आहेत. तेथून येणाऱ्या बातम्या बहुधा थंडीच्या, घरभाड्याच्या आणि परीक्षांच्या असतात. परंतु अलीकडे आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातून निराळाच प्रश्न आमच्याकडे आला. त्यांच्या पुतण्याने उट्रेख्त शहरात, आपल्या खोलीत, काचेच्या पेटीत एक लहानसा साप पाळला आहे. तो साप महिनाभर काही खात नाही. आजी म्हणते, त्याला दूध द्या. मुलाचा एक मित्र म्हणतो, बाहेरच्या कालव्यावरून बेडूक धरून आण. मुलगा गोंधळला आहे. यावर आमचे मत काय?

प्रश्न सापाचा असला तरी तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या जिवाला आपण कोंडून ठेवले, त्याचे अन्न त्याला स्वतः शोधता येत नाही. ते आपण निवडतो. आपली निवड चुकली तर त्याचे प्राण जातात, आणि त्याला तक्रारही करता येत नाही.

प्रथम या सापाविषयी थोडे सांगितले पाहिजे. इंग्रजीत त्याला हॉगनोज म्हणतात, म्हणजे डुकराच्या नाकाचा. डच लोक त्याला आकड्यासारख्या नाकाचा साप म्हणतात. त्याच्या नाकाचे टोक वर वळलेले असते, आणि त्या फावड्याने तो वाळू उकरून आत दडलेले भक्ष्य बाहेर काढतो. त्याचे मूळ घर उत्तर अमेरिका. शत्रू समोर आला की तो मान फुगवून फुत्कारतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर उताणा पडून, जीभ बाहेर काढून मेल्याचे सोंग करतो. त्याच्या लाळेत सौम्य विष असते. माणसाला ते सहसा धोक्याचे नसते, पण चावलेला हात सुजतो.

या सापांत अन्नाच्या दृष्टीने एक महत्त्वाचा भेद आहे. पूर्वेकडचा हॉगनोज जवळजवळ केवळ भेकांवर, म्हणजे खरखरीत अंगाच्या बेडकांवर जगतो. आपल्याकडे ज्यांना क्रापो म्हणतात त्यांच्याच जातकुळीतले हे प्राणी. भेकाच्या कातडीतील विष इतर प्राण्यांना बाधते, पण या सापाला ते पचते. पश्चिमेकडचा हॉगनोज मात्र भेक, सरडे, उंदीर, पक्ष्यांची व सरपटणाऱ्यांची अंडी असे बरेच काही खातो. घरोघर पाळला जातो तो बहुतेक हाच. उट्रेख्तच्या पुतण्याचा सापही याच जातीचा आहे.

आता आजीच्या दुधाकडे वळू. आमचे पूर्वज कोकणातून आले. नागपंचमीला पाटावर नाग काढून त्याला दूध आणि लाह्या वाहण्याची रीत त्यांनी आपल्याबरोबर आणली. तिच्याबद्दल आम्हांला आदरच आहे. त्या दिवशी जमीन खणू नये, काही चिरू नये, कापू नये, हा जो नियम आहे त्यात जिवांविषयीची खरी कणव आहे. परंतु चित्रातला किंवा मातीचा नाग निराळा आणि जिवंत साप निराळा. दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिल्लांचे अन्न. सापाची आई त्याला दूध पाजत नाही, आणि ते पचवण्याची सोय त्याच्या शरीरात नाही. भारतात गारुडी लोक सापाला कित्येक दिवस तहानलेला ठेवत, मग तो समोर येईल ते पीत असे, आणि लोकांना वाटे की साप दूध आवडीने पितो. त्या दुधाने पुढे किती साप मेले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. तेव्हा आजींना आमची हात जोडून विनंती आहे की दूध पाटावरच्या नागाला वाहावे, आणि पेटीतल्या सापाला स्वच्छ पाण्याची वाटी नित्य ठेवावी.

मित्राचा सल्ला याहून फसवा आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. बेडूक हे या सापाचे आवडते अन्न खरेच. मग ते का देऊ नये? पहिले कारण असे की रानातल्या बेडकांच्या पोटात नाना तऱ्हेचे कृमी असतात. रानातला साप ते सोसतो. कोंडलेल्या सापाला, एकाच पेटीत पुन्हा पुन्हा त्यांची लागण होऊन, ते जड जातात. दुसरे कारण कायद्याचे. हॉलंडमध्ये रानातल्या बेडकांना व भेकांना संरक्षण आहे आणि ते हौसेखातर धरून नेता येत नाहीत. तिसरे कारण आम्हांला सर्वांत मोठे वाटते. त्या देशात वसंत ऋतूच्या तोंडी, पावसाळी रात्री, भेक अंडी घालण्यासाठी तळ्याकडे निघतात आणि वाटेतल्या रस्त्यांवर मोटारींखाली चिरडले जातात. त्यांना वाचवण्यासाठी गावोगावचे स्वयंसेवक हातात बादली आणि दिवा घेऊन संध्याकाळी बाहेर पडतात, आणि एकेक भेक उचलून रस्त्यापलीकडे नेऊन सोडतात. त्यांत शाळेची मुलेही असतात. ज्या गावात शेजारची मुले भेकाला बादलीतून पलीकडे पोहोचवतात, तेथे आपल्या मुलाने तोच भेक सापापुढे टाकावा, हे आम्हांला शोभणारे वाटत नाही. शिवाय त्या कालव्याकाठी त्या देशाचा स्वतःचा गवत्या साप राहतो. तोही बेडूक खातो, आणि तोही मेल्याचे सोंग करतो. ते अन्न त्याच्या हक्काचे आहे.

कोणी म्हणेल, मग बेडूक विकत आणू. त्यातही धोका आहे. हॉलंडच्या दक्षिण टोकाला, लिम्बुर्ग प्रांतातील बुंडरबोस नावाच्या रानात, पिवळ्या-काळ्या रंगाचे सॅलॅमँडर राहत असत. २०१० च्या सुमारास ते झपाट्याने मरू लागले, आणि काही थोड्या वर्षांत शंभरांतले जेमतेम चार उरले. २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्याचे कारण शोधले, तर ती कातडी खाणारी एक बुरशी निघाली. पाळीव प्राण्यांच्या व्यापाराबरोबर ती आशियातून आली असावी असे मानले जाते. एका देशातले बेडूक दुसऱ्या देशात फिरवण्याची किंमत अशी मोजावी लागते. आपण बेटावरचे लोक आहोत, बाहेरून आलेल्या प्राण्यांनी काय होते हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

मग योग्य अन्न कोणते? पश्चिमी हॉगनोजसाठी उत्तर सरळ आहे: उंदीर. पण जिवंत नव्हे. याच कामासाठी वाढवलेले, मारून गोठवलेले उंदीर तेथे दुकानात मिळतात. अख्ख्या उंदराबरोबर सापाला मांस, हाडांतला चुना आणि यकृतातली जीवनसत्त्वे एकत्र मिळतात. म्हणूनच कोंबडीचे तुकडे, खिमा किंवा सॉसेज घालून भागत नाही. त्यात हाडे नाहीत, आणि पुढे सापाचीच हाडे ठिसूळ होतात. जिवंत उंदीर सोडणे तर दोघांवरही अन्याय आहे, कारण कोंडलेला उंदीर प्राणभयाने सापालाच चावतो.

उंदराची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढी असावी, फार मोठी नको. लहान पिल्लाला बिनकेसाचे नुकते जन्मलेले उंदराचे पिल्लू चार-पाच दिवसांनी एकदा द्यावे, आणि मोठ्या सापाला आठ-दहा दिवसांनी एकदा. प्रेमापोटी रोज भरवणे चुकीचे, कारण हे साप लवकर लठ्ठ होतात. गोठलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट पाण्यात ऊबदार करून, चिमट्याने पुढे धरावा. हाताने देऊ नये, नाहीतर साप बोटालाच अन्न समजतो. नंतर दोन दिवस त्याला उचलू नये, आणि आपले हात साबणाने धुवावेत.

साप उंदराला तोंड लावत नसेल तर प्रथम त्याची पेटी पाहावी. ऊब घेण्याच्या जागी सुमारे तीस-बत्तीस अंश उष्णता नसेल तर त्याला अन्न पचत नाही, म्हणून तो खात नाही. हॉलंडच्या हिवाळ्यात कित्येक निरोगी साप आठवडेच्या आठवडे उपाशी राहतात. कात टाकण्यापूर्वीही ते जेवत नाहीत. दर आठवड्याला वजन करावे. वजन टिकून असेल तर धीर धरावा. भूक जागवायची असेल तर उंदरावर वासाचा लेप देण्याची युक्ती पाळणारे लोक वापरतात. पाण्यातल्या बिनमिठाच्या ट्यूना माशाचे दोन थेंब चोळले की पुष्कळदा साप उंदीर गिळतो. आपल्या बेटावरून डब्यात भरून युरोपात जाणारा हा मासा तेथे असाही कामास येतो. पुढे हळूहळू वास कमी करत न्यावा. वजन उतरतच गेले तर मात्र घरगुती उपाय थांबवून पशुवैद्याकडे जावे. हॉलंडमधील एकमेव पशुवैद्यकीय विद्याशाखा उट्रेख्तच्याच विद्यापीठात आहे, हे त्या मुलाचे भाग्य.

येथे एक शंका निघेल. सापाची नैसर्गिक आवड जर बेडूक, तर त्याला उंदीर देणे म्हणजे त्याच्या स्वभावाविरुद्ध नव्हे काय? आमचे उत्तर असे की कोंडलेल्या जिवाचे योग्य अन्न तीन गोष्टींवरून ठरते. ते त्याच्या शरीराला मानवले पाहिजे, ते देताना रानातल्या दुसऱ्या जिवाचा घास हिरावला जाऊ नये, आणि ते आयुष्यभर मिळत राहिले पाहिजे. पश्चिमी हॉगनोजला उंदीर या तिन्ही कसोट्यांवर उतरतो. पूर्वेकडच्या, केवळ भेकांवर जगणाऱ्या जातीला तो सहज उतरत नाही. म्हणून आमच्या मते ती जात घरी पाळूच नये.

याचे उदाहरण आपल्या दारातच आहे. आपल्या उत्तरेच्या राउंड आयलंडवरचा बोआ हा जगात इतरत्र नसलेला साप. त्याच्या वरच्या जबड्याचे हाड मध्ये सांध्याने दुभागलेले आहे, आणि गुळगुळीत सरडे घट्ट धरण्यास ते उपयोगी पडते. त्याच बेटावर दुसरा एक बोआ होता, तो १९७५ नंतर कोणाला दिसला नाही. उरलेल्या जातीचे काही साप १९७० च्या दशकात जेराल्ड ड्युरेल यांच्या जर्सी येथील प्राणिसंग्रहालयात वाढवण्यासाठी नेले. सरड्यांवर जगणाऱ्या त्या पिल्लांना जेवू घालण्यासाठी तेथील लोकांना फार कष्ट पडले, पण एक जात वाचवायची होती म्हणून ते त्यांनी घेतले. २०१२ साली राउंड आयलंडवरचे काही बोआ ‘क्वॅं द मीर’वर नेऊन सोडले गेले. एवढे कष्ट जात वाचवण्यासाठी घेणे योग्यच. केवळ शोभेसाठी साप कोंडून त्याच्या अन्नाची आबाळ करणे मात्र योग्य नव्हे.

शेवटी आपल्या घरांविषयी एक शब्द. आपल्यांपैकी कित्येकांना घरात, अन्नाच्या शीतपेटीत, उंदीर ठेवण्याची कल्पनाही सहन होणार नाही. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. वेगळी लहान पेटी ठेवता येत असेल तर ठेवावी. तेही मनाला पटत नसेल तर साप पाळू नये. हा प्राणी नीट सांभाळला तर पंधरा वर्षे जगतो. तितकी वर्षे त्याला भाकरी, दूध किंवा आपली शाकाहाराची निष्ठा खायला घालता येणार नाही. मुलाने साप मागितला तर आईबापांनी आधी एकच प्रश्न विचारावा, “हा काय खातो, आणि ते तू स्वतःच्या हाताने पंधरा वर्षे देशील काय?” उत्तर ‘होय’ असेल तरच पेटी घरात आणावी. उट्रेख्तच्या पुतण्याला आमचा निरोप इतकाच, की बेडूक कालव्यावरच राहू दे, पेटीतली ऊब तपास, आणि सापाचे वजन लिहून ठेव.