पोत्याबरोबर शेताचाही हिशेब हवा

सांडपाणी शुद्ध केल्यावर उरणाऱ्या गाळाचे करायचे काय, हा प्रश्न देशातील प्रत्येक मोठ्या शहरापुढे उभा आहे. अहमदाबादेत २०१९ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने दिवसाला १०० टन कोरड्या गाळावर गॅमा किरणांची प्रक्रिया करण्याची सोय आहे. त्यात रोगजंतू नष्ट होतात व पुढे उपयुक्त जिवाणू मिसळून खत तयार होते. सेंद्रिय कर्ब घटलेल्या जमिनींना अशा खताची गरज आहे, यात शंका नाही.

मात्र निर्जंतुक गाळ म्हणजे निर्धोक गाळ नव्हे. किरणांनी जंतू मरतात. कॅडमियम, शिसे, क्रोमियम हे जड धातू तसेच राहतात. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये कॅडमियम किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. ही मर्यादा पोत्यातील खताला आहे. शेतात वर्षानुवर्षे साचणाऱ्या धातूला नाही.

या मर्यादेवरचे खत हेक्टरी ५ टन दिले, तर दरवर्षी २५ ग्रॅम कॅडमियम जमिनीत जाते. वरच्या १५ सेंटिमीटर थरातील माती सुमारे २० लाख किलो धरल्यास २० वर्षांत किलोमागे पाव मिलिग्रॅमची भर पडते. पिकाबरोबर त्यातील फारच थोडे बाहेर जाते. म्हणजे प्रत्येक पोते चाचणीत उत्तीर्ण होऊनही शेत बदलत राहते. गांडुळे हे कॅडमियम शरीरात साठवितात व त्यांना टिपणाऱ्या पक्ष्यांपर्यंत ते पोहोचते. आम्लधर्मी जमिनीत ते पालेभाज्यांतही अधिक सहज शिरते.

युरोपने १९८६ मध्येच गाळ, माती आणि हेक्टरी वार्षिक मात्रा अशा तिन्ही मर्यादा घातल्या. आपल्या मृदा आरोग्य पत्रिकेतील १२ घटकांत मात्र कॅडमियम वा शिसे नाही. जेथे गाळखत वापरले जाते, तेथे तरी ही नोंद सुरू व्हावी आणि तिचा खर्च गाळ देणाऱ्या शहराने उचलावा. तोवर विस्तार कार्यकर्त्यांनी पहिल्या वापरापूर्वी माती तपासून घ्यावी, प्रत्येक खेपेचा पृथक्करण अहवाल मागावा, दिलेली मात्रा गटनिहाय नोंदवावी आणि आम्लधर्मी जमिनीत व भाजीपाल्यास हे खत सुचवू नये.

गाळ उचलला गेला की शहराची अडचण संपते. जमीन मात्र पुढच्या पिढीच्या नावावर चढायची असते.