जीभ वळायला वेळ द्या

पाहुणे आले की बऱ्याच घरांत एक खेळ सुरू होतो. "आमचा बाळ्या कसा बोबडं बोलतो ऐका. म्हण रे, रेल्वे म्हण." मूल म्हणतं, "लेल्वे." सगळे हसतात. प्रेमानंच हसतात. पण साडेचार-पाच वर्षांच्या मुलाला ते हसणं कळतं. असं चार वेळा झालं की पाचव्या वेळी ते आईच्या मागे लपतं आणि तोंड उघडत नाही.

हा खेळ आजपासून बंद करा. बाकीचं सावकाश बोलू.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. तुमच्यापैकी काही जण मुलाला घेऊन नुकतेच थेरपीला जायला लागले असाल. काही जण जावं की न जावं, या विचारात असाल. दोघांनाही एकच गोष्ट सांगायची आहे. मूल आमच्या खोलीत आठवड्यातून एक-दोनदा असतं, तेही अर्धा-पाऊण तास. बाकीचा सगळा वेळ ते तुमच्याजवळ असतं. अक्षर आमच्याकडे सापडतं, पण तोंडात बसतं ते घरी. म्हणून घरी काय करायचं आणि काय टाळायचं, हे तुम्हाला माहीत हवं.

आधी कान तपासून घ्या. "टीव्ही लावला की धावत येतो, ऐकू येतं त्याला चांगलं," असं मला रोज कुणीतरी सांगतं. टीव्हीचा आवाज मोठा असतो. 'स', 'श', 'फ' यांचा आवाज अगदी बारीक असतो, आणि तेवढाच निसटू शकतो. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलाच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठू शकतं. ते दुखेलच असं नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ता लागत नाही. जे नीट ऐकूच आलं नाही, ते नीट म्हणणार कसं?

मग प्रश्न येतो, किती वाट बघायची? आमचा साधा अंदाज असा. तीन वर्षांच्या मुलाच्या चार शब्दांतले तीन परक्या माणसाला कळावेत. चार वर्षं पूर्ण होता होता जवळजवळ सगळं बोलणं कळावं. २७ भाषांमधल्या मुलांवर झालेल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यातही हेच दिसलं, की पाच वर्षांपर्यंत बहुतेक व्यंजनं मुलांच्या तोंडी आलेली असतात. 'र', 'स', 'श' आणि जोडाक्षरं जरा रेंगाळतात. तेव्हा तीन वर्षांचं मूल 'लाम' म्हणालं तर घाबरू नका. पण चार वर्षांचं मूल काकाला अजून 'ताता' आणि गाडीला 'दाडी' म्हणत असेल, तर "त्याचे बाबाही उशिराच बोलले होते" असं म्हणून वर्ष घालवू नका. एकदा दाखवून या. काही नसेल तर निश्चिंत व्हाल.

आणखी एक बघा. तुमच्या घराची बोली कोणती? आगरी-कोळी घरात 'पानी' आणि 'डोला' म्हणतात. खानदेशात, वऱ्हाडात कितीतरी घरांत डोळ्याला 'डोया' म्हणतात. त्या घरातलं मूल तसंच म्हणत असेल, तर ते उत्तम शिकलंय. त्यात दोष नाही आणि त्याला उपचार नको. हे थेरपिस्टला आणि शाळेतल्या बाईंनाही न लाजता सांगा. परदेशात राहणाऱ्यांनी तर नक्कीच सांगा. तिथल्या थेरपिस्टला 'ळ' नावाचं अक्षर असतं हेच बहुधा माहीत नसतं, आणि आपला 'र' इंग्रजीतल्या 'र'सारखा नसतो. आजीचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून त्यांना ऐकवा. दोन भाषांमुळे मूल बोबडं बोलतं, हा समज चुकीचा आहे. त्यासाठी घरातली मराठी बंद करू नका.

आता ज्यावर पैसे आणि आशा खर्च होतात, त्याबद्दल. वेखंड उगाळून जिभेला चोळल्यानं अक्षर येत नाही. मधातून देत असाल तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच नको, तो धोकादायक ठरू शकतो. शंखातून पाणी पाजून जीभ सुटत नाही. शिट्ट्या फुंकणं, मेणबत्ती विझवणं, जीभ गोल फिरवणं यांत मुलाला मजा येते, येऊ द्या. पण फुंकायला शिकून 'स' येत नाही. 'स' येतो 'स' म्हणून.

आणि कुणी "जीभ चिकटलेली आहे, कापून घ्या" म्हणालं, तर आधी थेरपिस्टला विचारा. मुलाला 'ल', 'त', 'द' नीट म्हणता येत असतील, तर जीभ जिथे पोचायची तिथे पोचते आहे. काही मुलांना शस्त्रक्रिया खरंच लागते, पण 'र' येत नाही एवढ्याच कारणासाठी ती करून घेऊ नका. टाळू फाटलेल्या मुलाची गोष्ट वेगळी. त्याला शस्त्रक्रिया हवीच, आणि बऱ्याच जणांना नंतर थेरपीही लागते.

खोलीत आम्ही काय करतो, ते आत बसून बघा. बाहेर बाकावर थांबू नका. तुम्हाला कळलं तरच घरी जमेल.

'क'चं घ्या. 'क' म्हणताना जिभेचं मागचं अंग वर उचललं जातं आणि टोक खाली राहतं. 'ताता' म्हणणाऱ्या मुलाचं टोकच पुढे धावतं. आम्ही त्याला कधी उताणं झोपवतो, कारण तसं झोपलं की जीभ आपोआप मागे जाते. कधी गुळणी करायला लावतो, म्हणजे घशाजवळची जागा कळते. कधी टोक हलकेच दाबून धरतो आणि म्हणतो, "आता म्हण ता." निघतो 'का'! मूल चकित होतं. हे आमचं काम आहे. शिकवून घेतल्याशिवाय मुलाच्या तोंडात बोट किंवा चमचा घालू नका.

'र' म्हणजे वरच्या दातांमागच्या उंचवट्यावर जिभेच्या टोकाची एक हलकी टिचकी. घरचे मागे लागतात, "र्र्र्र म्हण, जोरात म्हण." मूल जीभ ताठ करतं, आणि ताठ जिभेला टिचकी मारता येत नाही. आम्ही उलट करतो. 'अडा-अडा-अडा' भराभर म्हणायला लावतो. वेग वाढला की जीभ सैल होते आणि मधूनच एखादा 'र' निसटतो. तो पकडायचा. म्हणून 'राजा', 'रस्ता' यांच्याआधी 'तारा', 'वारा', 'चारा' घेतो.

'ळ' मला फार आवडतो. मराठीत त्यानं शब्द सुरूच होत नाही, त्यामुळे सराव मधल्या आणि शेवटच्या 'ळ'चाच असतो. जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावायचं आणि सोडायचं. हे एकदा जमलं की घरी चित्रांचा खेळ करा. एका कागदावर गाल, दुसऱ्यावर गाळ. वेल आणि वेळ. मूल आणि मूळ. मुलानं चित्र मागायचं, आणि तुम्ही त्यानं जे म्हटलं तेच द्यायचं. झाडाचं मूळ हवं असताना तो 'मूल' म्हणाला, तर मुलाचं चित्र त्याच्या हातात ठेवा. रागावू नका, काही समजावू नका. तो चित्राकडे बघेल, तुमच्याकडे बघेल आणि पुन्हा म्हणेल. जीभ जरा मागे वळवली की वेगळंच काही हातात येतं, हे त्याचं त्याला कळतं. दहा वेळा सांगून ते कळलं नसतं.

'ख', 'घ', 'भ' यांना श्वासाचा झोत लागतो. तोंडासमोर तळहात धरून 'का' आणि 'खा' म्हणून बघा. मुलालाही बघू द्या. झोत हाताला लागतो.

सात वर्षांच्या आसपास पुढचे दुधाचे दात पडतात आणि 'स' बिघडतो. तेवढ्यासाठी धावपळ नको. दात येईपर्यंत थांबा.

घरचा सराव थोडा ठेवा, पण रोज. सकाळी पाच-सात मिनिटं, संध्याकाळी पाच-सात मिनिटं. रविवारी दोन तास बसवून काही होत नाही, मूल फक्त सरावाच्या वहीला घाबरायला लागतं. वेळ ठरवून घ्या. वेणी घालताना, शाळेच्या रिक्षाची वाट बघताना, तुम्ही पोळ्या लाटत असताना. एका वाटीत चिंचोके घ्या. एक शब्द म्हटला की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. वाटी भरली, सराव संपला. घरात अगदी लहान भावंड असेल तर चिंचोक्यांऐवजी कागदावर रेघा मारा.

पायऱ्या गाळू नका. आधी ऐकून ओळखणं, मग सुटा आवाज, मग 'का-की-कू', मग शब्द, मग वाक्य, आणि शेवटी गप्पा. हा क्रम जुना आहे. चार्ल्स व्हॅन रायपर या अमेरिकन तज्ज्ञानं १९३९ साली ग्रंथ लिहून तो रुळवला. ते स्वतः बोलताना अडखळत असत. दहातले आठ शब्द बरोबर आले की थेरपिस्ट पुढची पायरी देते. ती तिलाच ठरवू द्या. दहातले सहा-सात चुकायला लागले तर तिथेच थांबा आणि एक पायरी खाली या. चुकीचा आवाज पन्नास वेळा घोकला, तर पक्का होतो तो चुकीचाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सराव संपला की सुधारणं संपलं.

मूल शाळेतून आलं. आज कुणीतरी कुणालातरी ढकललं, ते त्याला सांगायचंय. तो धापा टाकत सांगतोय आणि तुम्ही मधेच म्हणता, "राहुल नाही म्हटलंस, लाहुल म्हटलंस. परत म्हण." गोष्ट तिथेच मोडते. मी काय सांगतोय ते आई ऐकत नाही, कसं बोलतोय तेच ऐकते, हे मुलाला कळतं. माझ्याकडे आलेला एक मुलगा डाळिंबाला 'ते लाल दाण्याचं' म्हणायचा. त्याला 'डाळिंब' म्हणता येत नव्हतं असं नाही. 'डालिंब' म्हटलं की टोकतात, म्हणून त्यानं तो शब्दच टाकून दिला होता. अक्षर उशिरा आलं तर चालतं. मुलानं बोलणंच कमी केलं, तर ते परत आणायला आम्हाला फार कष्ट पडतात.

मग करायचं काय? मूल म्हणालं, "आजी, पोली दे." तुम्ही म्हणा, "पोळी हवी? घे पोळी. गरम पोळी देऊ का?" त्याच्या कानावर 'पोळी' तीनदा पडली. त्याच्याकडून परत म्हणवून घेऊ नका.

त्याची नक्कल करून 'ये माझ्या ताता' असंही म्हणू नका. गंमत बघा, 'ताता' म्हणणाऱ्या मुलाला तुम्ही 'ताता' म्हटलं की ते चिडतं. "ताता नाई, ताता!" त्याच्या कानाला फरक कळत असतो. जीभ अजून तिथे पोचलेली नसते, एवढंच.

बोलणं कळलं नाही तर कळल्याचं नाटक करू नका. जेवढं कळलं तेवढं म्हणा. "शाळेत कुणीतरी पडलं, हो ना? कोण पडलं, मला दाखव." मोठ्या बहिणीला त्याच्या वतीनं उत्तरं देऊ देऊ नका. ती मदतच करत असते, पण त्याची पाळी जाते.

शाळेत जाऊन बाईंना भेटा. 'लाम' म्हणणारं मूल बऱ्याचदा 'लाम'च लिहितं, आणि ते आळशी किंवा मठ्ठ ठरतं. त्याची थेरपी चालू आहे एवढं सांगा. वर्गासमोर एकट्याला मोठ्यानं वाचायला लावू नका, अशी विनंती करा. चिडवणाऱ्या मुलांबद्दलही बोला. बहुतेक बाई ऐकतात.

जायचं कुठे? जवळच्या जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा मुलं तपासतात. ती आली की आपल्या मुलाचं बोलणं आणि ऐकणं मुद्दाम दाखवा. पुढची तपासणी त्यातून मोफत होते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे. खासगी थेरपिस्टकडे जात असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, ते विचारा. विचारण्यात अपमान नाही. गाव लांब असेल आणि दर आठवड्याला येणं परवडत नसेल, तर तसं स्पष्ट सांगा. शब्दांची यादी लिहून घ्या, सराव कसा घ्यायचा त्याचा व्हिडिओ काढून घ्या, पुढच्या काही भेटी व्हिडिओ कॉलवर होतील का ते विचारा.

आणि धीर धरा. खोलीत 'ळ' स्वच्छ येईल, घरी येताना रिक्षात पुन्हा 'ल' होईल. मूल हे मुद्दाम करत नाही. नवा आवाज आधी लक्ष दिलं तरच येतो, लक्ष नसताना यायला काही महिने लागतात.

मग एखाद्या दिवशी जेवताना ते म्हणेल, "आजी, पोली..." आणि स्वतःच थांबेल. "पोळी." त्या वेळी टाळ्या वाजवून सगळ्या घराला गोळा करू नका. "हो, पोळी. गरम आहे, फुंकून खा," एवढंच म्हणा आणि ताटात वाढा.