तिलईपानीचा हातपंप

जबलपुरात गढ्याजवळ, नागपूर रस्त्यावर, आदिवासींच्या आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९८४ पासून काम करते आहे. आदिवासींचं आरोग्य म्हटलं की बहुतेकांना सिकलसेल आठवतो. मग बोलणं रक्तावर, वंशावर येतं आणि 'त्यांच्यातच आहे ते' म्हणून संपतं. याच संस्थेचं एक जुनं काम मात्र मी पुन्हापुन्हा वाचते.

शेजारच्या मंडला जिल्ह्यातल्या तिलईपानीत मुलांचे गुडघे आत वळू लागले होते. दोष निघाला हातपंपात. स्वच्छ पाण्यासाठी जमीन खोदली आणि खडकातलं फ्लोराइड वर आलं. त्याची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम, इथे ते कितीतरी पट होतं. पण पाय वाकवायला एकटं फ्लोराइड पुरलं नसतं. मुलांच्या ताटात कॅल्शियमही नव्हतं. तेच पाणी रोज दूध पिणाऱ्या मुलाने प्यायलं असतं, तर त्याच्या हाडांनी अधिक तग धरला असता.

संशोधकांनी सुरक्षित पाण्यासोबत चकोड्याची भाजी खायला सांगितली. चकोडा म्हणजे आपला टाकळा. त्यात कॅल्शियम भरपूर. माझी आई पावसाळ्यात टाकळा करायची, पण पाहुणे आले की पातेलं झाकून ठेवायची.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही 'जोखीम घटक' या मथळ्याखाली 'जात' लिहायला शिकलो. मीही तशी कोष्टकं केली आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेच्या २०१८ च्या अहवालानुसार भारतात दलित स्त्रीचं मृत्यूसमयीचं सरासरी वय ३९.५ वर्षं, तर उच्चजातीय स्त्रीचं ५४.१. आपल्यातले शिकलेलेही हा आकडा ऐकून म्हणतात, 'आपल्या बायका तब्येतीची हेळसांड करतात.' राग येतो. पाण्याची पाळी, दारातला नाला, दवाखान्यापर्यंतचं अंतर, तिथे कानावर पडणारा 'तुम्ही लोक' हा शब्द, हे सगळं त्या कोष्टकात 'जात' या एका शब्दाखाली गडप होतं. मग दोष त्या बाईच्या जन्मावर जातो आणि नगरपालिका मोकळी सुटते.

ओमती नाल्याकाठच्या वस्तीसाठी प्रश्नावली करताना मी जातीचा रकाना ठेवला आहे. तो काढला तर अन्यायही दिसेनासा होईल. पण त्याच्या आधी चार प्रश्न घातले आहेत: पाणी कुठून येतं, ते शेवटचं कधी तपासलं, नाला कधी उपसला, आणि तक्रार केली तेव्हा कोण आलं.