गाढवावरून आलेला राजा

आज झावळ्यांचा रविवार. नगर, श्रीरामपूर, वसई, सगळीकडच्या चर्चमध्ये आज लोक हातात झावळ्या घेऊन 'होसान्ना' म्हणतात. आपल्यापैकी बहुतेकांना नाताळ माहीत असतो, गुड फ्रायडे सुट्टीमुळं माहीत असतो. हा रविवार मात्र शेजारी राहूनही माहीत नसतो. म्हणून लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

वल्हांडणाचा सण तोंडावर आलेला. यरुशलेम शहर माणसांनी गच्च भरलेलं. देश रोमच्या टाचेखाली. सुभेदार पिलात एरवी समुद्राकाठच्या कैसरियात राहायचा, सणाला यरुशलेमात यायचा. लोकांना दावीदाच्या वंशातला राजा हवा होता. तो येईल, तलवार उपसेल, रोमनांना हाकलून देईल, अशी आस होती. आणि गालीलातला एक सुतार शहरात शिरतो तो गाढवाच्या शिंगरावर बसून. तेही मागून आणलेलं!

आपल्याकडं गाढवावर कुणाला बसवतात हे सांगायला नको. तोंडाला काळं फासून धिंड काढायची असेल तर. केज तालुक्यातल्या विड्याला धुळवडीला जावयाला बसवतात, ती थट्टा. त्या देशात गाढवाला इतकं हलकं मानत नसत. शलमोनाला राज्याभिषेकाला नेलं ते दावीदाच्या खेचरावरून. आणि राजा नम्र होऊन गाढवावर बसून येईल, असं जखऱ्या संदेष्ट्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे लोकांनी खूण बरोबर ओळखली. अंगावरची वस्त्रं काढून रस्त्यावर अंथरली. पण अर्थ स्वतःला हवा तो काढला. 'होसान्ना' म्हणजे 'वाचव'. आता हा वाचवणार म्हणजे सत्ता हातात घेणार, एवढंच त्यांना कळलं.

बाहेरच्यांना तरी कशाला बोलायचं. याकोब आणि योहान हे दोघे अगदी जवळचे शिष्य. ते आधीच येशूकडं जाऊन आले होते, तुझं राज्य आलं की एकाला उजवीकडं बसव, एकाला डावीकडं. तिकीटवाटपाच्या आधी आपल्याकडं जे चालतं तेच. मग बाकीचे दहा जण त्या दोघांवर चिडले. (हेही ओळखीचंच.) आणि ज्याच्याकडं पदं मागितली, त्यानं गुरुवारी रात्री कमरेला रुमाल बांधला आणि या सगळ्यांचे पाय धुतले. पेत्र नको नको म्हणत राहिला. गुलामाचं काम होतं ते. २०१३ साली पोप फ्रान्सिस रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले आणि बारा जणांचे पाय धुतले, त्यात एक मुस्लिम मुलगी होती. तेव्हा खुद्द चर्चमधलेच काही लोक नाराज झाले होते.

शुक्रवारी पिलातानं गर्दीला विचारलं, कुणाला सोडू? गर्दीनं बंडखोर बरब्बाला मागून घेतलं. येशूच्या डोक्यावर पाटी लागली 'यहूद्यांचा राजा', ती टिंगल म्हणून. नंतर अम्माऊसच्या रस्त्यावर दोन शिष्य मान खाली घालून चालले होते. त्यांचं म्हणणं एवढंच की आम्हाला वाटलं होतं, हा आमची सुटका करील. ख्रिस्ती श्रद्धा इथून सुरू होते असं मला वाटतं. सगळ्यांची निराशा केलेल्या माणसालाच तारणारा म्हणायचं, हे सोपं नाही.

पुढं चर्चनंसुद्धा गाढव सोडून घोडा धरला. रोमच्या बादशहानं क्रूस सैन्याच्या कामाला लावला. आपल्या किनाऱ्यावर हाच येशू पोर्तुगीजांच्या तोफांसोबत उतरला. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन चाललं, त्याचा राग कोकणात अजून आहे आणि तो खोटा नाही. चर्चवाल्यांनी हे स्वतःहून बोलावं.

पण त्याच येशूला ना. वा. टिळकांनी वेगळ्या वाटेनं गाठलं. कोकणस्थ ब्राह्मण, १८९५ साली बाप्तिस्मा. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो, असं ते सांगत. शेवटी १९१७ च्या सुमारास मिशनचा पगारही सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला. मराठी माणसाला हे कळायला जड जाऊ नये. जनीसोबत दळायला बसणारा देव आपला, नाथांच्या घरी पाणी भरणारा श्रीखंड्या आपला. रामेश्वरला न्यायची कावड नाथांनी तहानलेल्या गाढवाच्या तोंडात ओतली, ती गोष्ट आपण शाळेत ऐकली.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या जिल्ह्यात गावोगाव ख्रिस्ती घरं आहेत, बहुतेक जुन्या महारवाड्या-मांगवाड्यातली. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ मध्ये, म्हणजे काही घरांत चौथी-पाचवी पिढी चालू आहे. त्यांच्याबद्दल चहाच्या टपरीवर एकच वाक्य ऐकू येतं: तांदळासाठी बाटलेले. दुष्काळात मिशननं पोटाला घातलं, हे खरं. पोटाला घातलं त्याची लाज घेणाऱ्याला का वाटावी, हा वेगळा प्रश्न.

पण १९५० नंतरचा हिशेब बघा. राष्ट्रपतींच्या त्या वर्षीच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती दलित आजही बाहेर. एससीची राखीव जागा नाही, राखीव मतदारसंघातून उभं राहता येत नाही, ॲट्रॉसिटीच्या कायद्याचं संरक्षण नाही. जात मात्र गेलेली नाही. लग्न जुळवताना विचारतातच, चर्चमध्येही विचारतात. आमिषानं धर्म धरला म्हणता, तर आमिष पलीकडच्या बाजूला आहे. नुसतं परत यायचं, दाखला मिळतो.

काही जण कागदावर एक आणि रविवारी एक असे जगतात, हे मला माहीत आहे. पोराच्या फीचा प्रश्न असतो. त्यांच्याकडं बोट दाखवण्याआधी, श्रद्धा लपवायला लावणारा नियम कुणाचा, ते विचारा. बाकीचे उघडपणे ख्रिस्ती राहतात आणि किंमत मोजतात. सत्ता नाही, मतांचा गठ्ठा नाही, त्यांच्या चर्चला निधी द्यायला कुणी आमदार धावत नाही. अशा माणसाला घोड्यावरचा देव परका वाटला तर नवल नाही. गाढवावरचा त्याला आपल्या आळीतला वाटतो.

२००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगानं धर्माची ही अट काढा म्हणून सांगितलं. अट तशीच राहिली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला, त्याला मुदतवाढही मिळाली. या प्रश्नावर आपल्या जिल्ह्यातले खासदार-आमदार कुठं उभे आहेत, ते त्यांनी एकदा जाहीर सांगावं. नाताळचा केक कापायला सगळे येतात, म्हणून विचारतोय.