आंबट द्राक्षांची कैफियत

कोल्ह्याला द्राक्षे आंबट, ही गोष्ट आपण वर्गात पोरांना सांगतो आणि कोल्ह्याला हसतो. परंतु आम्हां सोलापूरकर सुशिक्षितांचे वर्तन त्या कोल्ह्याहून फारसे निराळे नाही. आमच्याच जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातील अकलूजच्या परिसरात, पांढरी वाइन तयार होते. मुंबई-दिल्लीच्या हॉटेलांत ती मानाने मांडली जाते. आणि आम्ही? पाहुण्याने सोलापूरचे वैशिष्ट्य विचारले की चादर पुढे करतो, शेंगांची चटणी पुढे करतो, हुरड्याचे आमंत्रण देतो. वाइनचा विषय निघाला की आवाज खाली आणतो. या मौनाविरुद्ध माझी तक्रार आहे. मी शाळामास्तर आहे, कादंबऱ्या लिहितो, आणि ही वाइन मी चाखली आहे, हे लपवीत नाही.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो. वाइन ही दारूच आहे. 27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचे ठरविले, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हेच, असे सांगणारे पुढारी निघाले. शंभर भागांत बारा-तेरा भाग मद्यार्क असलेल्या पेयाला दारू म्हणायचे नाही, तर काय पन्हे म्हणायचे? दारूने उठलेली घरे ज्याने पाहिली आहेत, त्याने असल्या शब्दच्छलाला टाळ्या वाजवू नयेत.

पण म्हणून विरोधकांचे सारे बरोबर ठरत नाही. त्या वेळी उपोषणाचे इशारे निघाले, गदारोळ झाला आणि तो निर्णय बाजूला पडला. ठीक आहे. परंतु आमच्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची धुराडी जागोजाग उभी आहेत. उसाची मळी निघते, मळीतून मद्यार्क निघतो, आणि देशी दारूच्या बाटल्या त्याच मद्यार्कावर भरतात. गळिताचा नारळ फुटताना आपण पुढच्या रांगेत बसतो. तेव्हा आपली नीती कोठे जाते? उसाला पाट फोडून पाणी द्यायचे ते पुण्य, आणि ठिबकावर थेंब मोजून वाढविलेली वेल तेवढी पाप, हा न्याय मला उमगत नाही.

दुसरे आक्षेपक अधिक शहाणे असतात. ते म्हणतात, ही तर साहेबाची नक्कल. असली वाइन थंड मुलखातच व्हावी. यांनी एकदा बागेत जावे. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे तिला झोप नाही, म्हणून बागाइतदार तिला दोनदा छाटतो: एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी. अशा रीतीने फळ थंडीच्या महिन्यांत धरते आणि उन्हाळा पेटण्यापूर्वी खाली उतरते. पांढऱ्या वाइनचा जीव तिच्या आंबटपणात. रात्री उष्ण असल्या तर मण्यातील आम्ल जळून जाते, नुसती साखर उरते, आणि वाइन मिळमिळीत होते. म्हणून आमच्या कोरड्या थंडीतल्या गार रात्रींना मोल आहे. म्हणून तोडणी ऊन चढण्याआधी उरकावी लागते. म्हणून रस थंड ठेवून पोलादी टाक्यांत सावकाश आंबवावा लागतो. एवढे केल्यावर पेल्यात येते ती लिंबाची धार, कच्च्या पेरूचा वास आणि जिभेच्या कडेला कैरीसारखी चरचर. रोपे फ्रान्सची असोत, 2007 च्या सुमारास हे काम उभारताना इटलीच्या तोस्कानातील पिएरो मासी हे जाणकार आलेले असोत. ती चरचर जपली आमच्या मुरमाड जमिनीने, आमच्या थंडीने आणि आमच्या माणसाच्या कात्रीने. बटाटा आणि मिरचीही परदेशाहूनच आल्या. त्यांना आपण नक्कल म्हणतो काय?

नाव घेण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. सोलापुरी चादर, सोलापूरचे डाळिंब, मंगळवेढ्याची ज्वारी यांना भौगोलिक मानांकन आहे. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' आणि 'शरद सीडलेस' या द्राक्षजाती उभ्या महाराष्ट्राच्या बागांत पोहोचविल्या. नाशिकने आपल्या खोऱ्याच्या नावावर वाइनचे मानांकन घेतले. फ्रान्समध्ये सांसेर आणि शाब्ली ही आधी गावांची नावे, मग वाइनची. तिथे पेल्यातल्या चवीला गाव उत्तरदायी असते.

माझा मुद्दा नेमका हाच आहे. नाव म्हणजे नुसती मिरवणूक नव्हे, नाव म्हणजे जबाबदारी. अकलूजचे नाव आपण उघडपणे घेऊ लागलो, तर विहिरीचे पाणी किती उपसले, तोडणाऱ्या बाईच्या हातावर किती मजुरी पडली, द्राक्ष पिकविणाऱ्याला काय भाव मिळाला, हेही उघडपणे विचारता येईल. मौनात यांतले काहीच विचारता येत नाही. मौनात फक्त पिणाऱ्याची आणि विकणाऱ्याची सोय होते.

ज्याला प्यायची नाही, त्याने पिऊ नये. मी कोणाला आग्रह करणार नाही. पण भूगोलाच्या तासाला मी मात्र फळ्यावर ज्वारी, डाळिंब आणि ऊस यांच्याखाली चौथा शब्द लिहितो. ज्यांना तो पुसायचा असेल, त्यांनी आधी तिसरा पुसून दाखवावा.