जिन्न, आमिल आणि वाया गेलेली तीन वर्षे

माझ्या खालाचा मुलगा बारावीत होता तेव्हाची गोष्ट. अभ्यासात बरा, क्रिकेटमध्ये त्याहून बरा. हळूहळू तो मित्रांत जाईनासा झाला. रात्ररात्र जागायचा, आंघोळ टाळायचा, एकटाच पुटपुटायचा. एके दिवशी त्याने घरातला टीव्ही चादरीने झाकला आणि सांगितले, यातून लोक माझ्यावर नजर ठेवतात. घरात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य आले : ‘असर है.’

मग आमिल आला. तावीज, दम केलेले पाणी, धुरी, बकरा, दोन दर्ग्यांच्या वाऱ्या. एका बाबाने ‘जिन्न बोलत नाही’ म्हणून त्याला छडीने मारले. खालाने सोन्याच्या बांगड्या मोडल्या. तीन वर्षांनी शेजारच्या मेडिकलवाल्या चाचांनी जवळजवळ हट्टानेच त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले. आजाराचे नाव कळले : स्किझोफ्रेनिया. गोळ्या सुरू झाल्या आणि काही आठवड्यांत आवाज कमी होऊ लागले. आज तो मामूंच्या गॅरेजमध्ये हिशेब बघतो. पण कॉलेज सुटले ते सुटलेच.

मित्रांनो, ही गोष्ट एका घराची नाही. तुमच्या मोहल्ल्यातही असे एखादे घर असेल.

आधी हा आजार म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. स्किझोफ्रेनिया म्हणजे ‘एका माणसात दोन माणसे’ नव्हे. तो सिनेमाने पसरवलेला गैरसमज आहे. हा मेंदूच्या कामकाजातला बिघाड आहे. नसलेले आवाज ऐकू येतात, कोणीतरी कट करते आहे अशी पक्की खात्री वाटते, बोलण्याचा धागा तुटतो. दुसरी लक्षणे गप्प असतात : उत्साह आटतो, चेहरा कोरा पडतो, माणूस कोपऱ्यात बसून राहतो. घरचे त्याला आळशी म्हणतात. सुरुवात बहुधा ऐन तारुण्यात, म्हणजे तुमच्याच वयात होते. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, पण तेवढ्यानेच ठरत नाही. अगदी एकसारख्या जुळ्या भावांपैकी एकाला आजार झाला, तरी दुसऱ्याला तो होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपासच असते. कोवळ्या वयात गांजा ओढल्याने धोका वाढतो, हेही नाक्यावरच्या दोस्तांना सांगून ठेवा.

‘पण त्याला जिन्नच दिसतो, तो स्वतः सांगतो,’ असे घरचे म्हणतात. भ्रमाचे कपडे त्या-त्या घरातले असतात. मुसलमानाच्या घरात जिन्न दिसतो, हिंदूच्या घरात देवी अंगात येते, आणि हल्ली दोघांच्याही घरांत मोबाइलमधून पाळत ठेवली जाते. आजार एकच असतो.

जिन्न आहेत की नाहीत, हा वाद मला इथे घालायचा नाही. तो श्रद्धेचा प्रश्न आहे. माझा प्रश्न साधा आहे : आजारी माणसाचे औषध अडवण्याचा अधिकार आमिलला कोणी दिला? अल्लाहने प्रत्येक आजारासोबत इलाजही ठेवला आहे, म्हणून इलाज करा, अशी पैगंबरांची शिकवण आपण मधुमेहाला लावतो, हृदयविकाराला लावतो. मनाच्या आजाराला का लावत नाही? शरीयतने तर बुद्धी हरपलेल्या माणसावरची जबाबदारीच उचलून घेतली आहे. तो गुन्हेगार नाही, गुनहगारही नाही. ‘नमाज सोडली म्हणून असे झाले’ हे वाक्य त्याच्या तोंडावर फेकणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय.

आपला इतिहासही वेगळे सांगतो. नवव्या-दहाव्या शतकात अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. काहिरात १२८४ मध्ये उभ्या राहिलेल्या मन्सुरी इस्पितळात मनोरुग्णांसाठी वेगळी सोय होती. त्या परंपरेचे वारस म्हणवणाऱ्या आपण आपल्याच पोरांना साखळ्या बांधायच्या?

साखळीचे काय होते, ते देशाने पाहिले आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या आधाराने चालणाऱ्या एका खासगी ‘मनोरुग्ण गृहा’ला पहाटे आग लागली. आतली माणसे साखळदंडाने बांधलेली होती. २८ जणांचा जीव गेला. आज मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारहाण करणे हा गुन्हा आहे. हा कायदा दुआच्या आड येत नाही. छडीच्या आड येतो.

तरीही लोक दर्ग्यावर का जातात, हे समजून न घेता नुसते त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. बुलढाण्याच्या सैलानीला जाऊन पाहा. हिंदू-मुसलमान दोघेही आपले रुग्ण घेऊन येतात. तिथे केसपेपर लागत नाही, कोणी हाकलत नाही, आई मुलाजवळ राहू शकते, आणि आपल्यासारखी दुःखी माणसे भेटतात. सरकारी ओपीडीत हे मिळते का? म्हणूनच गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यातला प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. तिथे ‘दवा-दुआ’ या नावाने दर्ग्याच्या आवारातच मानसोपचाराची सोय झाली आणि मुजावरांनीच लोकांना डॉक्टरकडे पाठवायला सुरुवात केली. ना श्रद्धेचा अपमान, ना उपचाराला उशीर. आपल्या महाराष्ट्रातल्या दर्ग्यांच्या ट्रस्टींना हे का जमू नये?

दुसरा आमिल आपल्या घरातच असतो. ‘निकाह करून द्या, सुधारेल,’ असे तो सांगतो. आजार लपवून निकाह लावणे ही त्या मुलीची सरळ फसवणूक आहे. मुलीलाच आजार असेल, तर लपवाछपवीत तिच्या गोळ्या बंद होतात, आजार उलटतो आणि मग तलाकचे कागद येतात. उपचार सुरू असलेली अनेक माणसे चांगला संसार करतात. पण तो सत्य सांगून उभा राहतो.

औषधांविषयीही खरे बोलू. या गोळ्यांनी वजन वाढते, झोप येते, कधी हात थरथरतात. त्रास होत असेल तर डॉक्टर डोस कमी-जास्त करतात, गोळी बदलतात. बरे वाटले म्हणून आपल्याच मनाने बंद केल्या, तर आजार परतण्याची भीती मोठी असते. रमजानमध्ये हे हमखास घडते. दिवसातून एकदा घ्यायची गोळी असेल, तर डॉक्टरांना विचारून ती इफ्तारनंतर घेता येईल का ते पाहा. लिथियम घेणाऱ्यांनी मात्र विचारल्याशिवाय रोजा ठेवू नये. शरीरातले पाणी कमी झाले, तर रक्तातले औषध धोक्याच्या पातळीला जाऊ शकते. आजाऱ्याला रोज्याची सवलत आहेच.

आणि हे रुग्ण हिंसकच असतात, ही भीतीही मनातून काढा. बहुतेक जण कोणालाही इजा करत नाहीत. उलट मार तेच खातात. त्यांच्यातल्या आत्महत्येच्या धोक्याची काळजी मात्र जरूर करा.

पुढच्या वेळी घरात कोणी ‘असर है’ म्हणाले, तर वाद घालत बसू नका. अम्मीला दुआ करू द्या. त्याच आठवड्यात भावाला किंवा बहिणीला जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन जा. जाणे जमत नसेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर फोन लावा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. आणि हाच नंबर मशिदीच्या नोटीस बोर्डावर लावू द्या, म्हणून इमामसाहेबांना एकदा विचारा. फार तर नाही म्हणतील. माझ्या खालाला तीन वर्षांत कोणी तो नंबर दिला नव्हता.